तीनदा हजेरी घेणारे सर

सर स्वतःच्या खोलीचं कुलूप उघडण्याआधी दार वाजवायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जर्नल द्यायला त्यांच्या देवपुरातल्या खोलीवर गेले होते. सर सायकलवरून आले, हँडलला मेथीची पिशवी. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि सर एकटे राहत, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. तरी त्यांनी दोनदा दार वाजवलं आणि मान थोडी कलती करून उभे राहिले. मग खिशातून किल्ली काढली.

"आत कोणी आहे का सर?" मी विचारलं.

"माहीत नाही. म्हणून तर विचारलं."

"पण कुलूप बाहेरून आहे."

"ते मी लावलंय. माझ्या कुलपावरून आतलं कसं कळणार?"

ते चेष्टा करत होते का, हे मला तेव्हा कळलं नाही. धुळ्यात मी मावशीकडे राहायचे; तिच्या घरापर्यंत चालत आले तरी कळलं नव्हतं. सर फार कमी हसत, त्यामुळे त्यांची चेष्टा कुठे संपते ते ओळखायला खूणच नसायची.

धुळ्याच्या त्या कॉलेजात ते आम्हाला कॉम्प्युटर शिकवायचे. उंच, किंचित पोक काढलेले. खिशाला एक पेन आणि एक पेन्सिल. पेन हजर विद्यार्थ्यांसाठी आणि पेन्सिल गैरहजर विद्यार्थ्यांसाठी. इतर शिक्षक तासाच्या सुरुवातीला हजेरी उरकायचे. सर तीनदा घ्यायचे: सुरुवातीला, अर्ध्या तासाने आणि घंटेच्या आधी. सुरुवातीला जो नसेल त्याच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे. शेवटपर्यंत आला नाही तरी त्या टिंबाचा 'गैरहजर' व्हायचा नाही, ते टिंबच राहायचं. महिनाअखेरीला ऑफिसातले भाऊसाहेब तो हजेरीपट हातात घेऊन कपाळाला हात लावत. "अहो, ह्या टिंबांचं मी काय करू?" सर म्हणायचे, "काही करू नका. त्यांनी उत्तर दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ." दोंडाईच्याहून गाडीने येणारी मुलं सरांवर खूश असत, कारण गाडी उशिरा आली तरी त्यांची हजेरी बुडत नसे. आम्ही पाठीमागे त्यांना 'हजेरीसर' म्हणायचो.

पहिल्या दिवशी ते प्रत्येकासमोर उभे राहून विचारत होते, "तू कोण?" मी नाव सांगितलं.

"ते यादीत आहे. तू कोण?"

सर थांबून राहिले. मागच्या बाकावरचे हसायला लागले. शेवटी मी म्हणाले, "माझे वडील जळगावला डाळमिलमध्ये कामाला आहेत."

"कोणती डाळ?"

"तूर."

"मग भुवया पिवळ्या होत असतील त्यांच्या."

खरोखरच होत. आबा संध्याकाळी घरी आले की आई आधी त्यांच्या भुवया पुसायची. हे सरांना कसं माहीत, मला कळलं नाही. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि कॉलेजात आबांच्या भुवयांचा विषय निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागले.

तिसऱ्या वर्षी सरांनी मुंबईच्या कुणा मित्राकडून फ्लॉप्यांची चळत आणली. त्यात एक ऑपरेटिंग सिस्टिम होती, फुकट मिळणारी, आणि तिचा सगळा कोड आपल्याला वाचता येत होता. सर मधल्या सुट्टीत डबा खाताना तो कोड वाचायचे. एके दिवशी त्यांनी आम्हाला वर्गात मशीनच करून टाकलं. स्वतः ते झाले कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आम्ही झालो कीबोर्ड, प्रिंटर, फ्लॉपी, डिस्क. प्रत्येकाला एक पत्ता म्हणून आकडा दिला.

"मशीन चालू झालं की कर्नलला काहीही माहीत नसतं," सर म्हणाले. "आपल्याला हात आहेत का, पाय आहेत का, काही नाही. तो एकेका पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. जो उत्तर देईल तो आहे."

मग ते आकडे पुकारत वर्गभर फिरले. कीबोर्ड "हजर" म्हणाला, फ्लॉपी "हजर" म्हणाली. मी जुनी डिस्क होते. मला त्यांनी कानात सांगून ठेवलं होतं, वीस मोजल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. सर माझ्यासमोर आले, पुकारलं, दहा मोजले आणि पुढे गेले. मी वीसला "हजर" म्हणाले तेव्हा ते प्रिंटरपाशी होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आता सांगा, डिस्क आहे की नाही?"

अर्धा वर्ग 'आहे' म्हणाला, अर्धा 'नाही' म्हणाला. सर म्हणाले, "कर्नलच्या लेखी नाही. पण ती तर ही बसलीय." एवढं बोलून तास संपवला. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह आहे.

जर्नलमध्ये कोणी 'प्रिंटर जोडलेला नाही' असं लिहिलं तर सर ते खोडायचे आणि वर लिहायचे, 'उत्तर आलं नाही'. एवढ्यासाठी त्यांनी माझं अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं होतं. तेव्हा मला तो निव्वळ तऱ्हेवाईकपणा वाटला होता.

निकाल लागला तेव्हा माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. पास नाही, नापास नाही, फक्त 'निकाल राखून ठेवला'. असे आम्ही चौघं होतो. प्रॅक्टिकलचे कॉलेजने द्यायचे चाळीस गुण विद्यापीठात पोचलेच नव्हते.

आबांना हे समजावता समजावता माझीच समजूत हरवली. "पास झाली का नापास, एवढं तरी सांगतील का नाही ती लोकं?" ते म्हणाले.

"आबा, त्यांना माहीतच नाही."

"पेपर तर तू लिहिला ना?"

"लिहिला."

"मंग?"

जळगावलाच विद्यापीठात एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा मी पास झाले होते आणि तात्पुरता प्रवेशही मिळाला होता. पुढच्या शनिवारपर्यंत मार्कशीट दाखवली नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाला जाणार होती. तो मुलगा रोज विभागाच्या बाहेर येऊन उभा राहायचा, मला दिसायचा. त्याचंही काही चुकत नव्हतं.

सोमवारी पहिल्या बसने धुळ्याला गेले. भाऊसाहेबांनी खरा प्रकार सांगितला. प्रॅक्टिकलच्या दिवशी, अभ्यासाची सुट्टी संपवून जळगावहून येणारी आमची बस पारोळ्याजवळ बंद पडली होती. आम्ही चौघं दुपारी चारला पोचलो आणि सरांनी आमची परीक्षा साडेचारला घेतली, हे मला आठवत होतं. त्याचे उपकारही वाटत होते. पुढचं मला माहीत नव्हतं.

"गुणांचा कागद मला दुपारी तीनलाच हवा होता," भाऊसाहेब म्हणाले. "बाकी कोणीही असता तर त्याने तुमच्यापुढे 'गैरहजर' लिहिलं असतं. मग नियमाने फेरपरीक्षा झाली असती, विषय मिटला असता. ह्यांनी काय केलं? चार चौकोन कोरे सोडले. कोरे! संध्याकाळी तुमचे गुण ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये भरले आणि मला म्हणाले, प्रिंट काढून मागाहून पाठवा. मी पाठवणारच होतो. दुसऱ्या आठवड्यात मशीनच जळालं. मग ते माझ्या डोक्यातूनच गेलं."

"आणि आमच्या उत्तरांचे कागद?"

"मे महिन्यात साफसफाई झाली. रद्दीत गेले."

मी तिथेच बाकावर बसले. ज्या सवयीमुळे माझी परीक्षा झाली त्याच सवयीमुळे माझा निकाल अडला होता. सरांवर रागवायचं की नाही, हेच मला ठरवता येईना.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. मी दाराशी उभी होते.

"सर, चार आकडे लिहा, सही करा, मी शिक्का मारतो," प्राचार्य म्हणाले. "अंदाजे लिहा. कोण बघायला येतंय?"

"अंदाजे द्यायचे होते तर त्या दिवशी परीक्षा कशाला घेतली?"

"तुम्हाला आठवतही असतील की."

"आठवतात. आठवण म्हणजे नोंद नव्हे. नोंद डिस्कवर आहे."

"डिस्क जळाली."

"मशीन जळालं. डिस्कला अजून कोणी विचारलेलं नाही."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात काय होतं ते खरं सांगते. माझ्या मनात होतं, लिहा ना सर. चार आकडे तर आहेत. पाच मिनिटांचं काम, आणि मी दुपारच्या बसने आबांकडे गेले असते. सर माझ्या बाजूने आहेत की विरुद्ध, हे मला त्या खोलीत उभं राहून सांगता आलं नसतं.

ऑफिसचं ते मशीन फार जुनं होतं. त्याची डिस्क दोन विटांएवढी जड. तिच्याशी बोलायला एक वेगळं कार्ड लागायचं, आणि दुसऱ्या कुठल्या कार्डाशी ती डिस्क बोलत नसे. सरांनी डिस्क आणि कार्ड दोन्ही काढून प्रयोगशाळेतल्या नव्या मशीनला लावलं. मशीन चालू केल्यावर चूक दाखवणारा एक आकडा आला आणि पडदा थांबला.

"कार्डावर त्याची स्वतःची अक्कल बसवलेली आहे," सर म्हणाले. "ती जुन्या संथ मशीनसाठी. इथल्या वेगात तिला काही सुचत नाही. आपण तिला बाजूला ठेवू आणि कर्नलला थेट डिस्कशी बोलायला लावू."

मंगळवारी त्यांनी फ्लॉपीवरून ती फुकटची सिस्टिम चालू केली. पडद्यावर ओळींमागून ओळी आल्या. कर्नलची हजेरी चालू होती. सर बोट लावून वाचत गेले. जुन्या डिस्कच्या नावाची ओळ आलीच नाही.

"नाही ना?" मी म्हणाले.

"काय नाही?"

मी जीभ चावली. "उत्तर आलं नाही."

"तेही नाही. ह्या वेळी विचारलंच गेलेलं नाही." आणि ते कोडाचं एक पान उघडून बसले. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगते. अशा जुन्या कार्डावर एका चिपमध्ये बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. कर्नलकडे ओळखीच्या नावांची यादी असते. कोणत्या जागी कोणतं नाव लिहिलेलं असलं की ते कुणाचं कार्ड, अशी. नाव जुळलं तरच तो दार वाजवतो. आमचं कार्ड मुंबईच्या बाजारातली कुणाची तरी नक्कल होती. तिचं नाव यादीत नव्हतं, म्हणून कर्नल न थांबता पुढे गेला होता.

"म्हणजे यादीत नाव नाही म्हणून डिस्क नाही?" मी विचारलं.

सरांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

बुधवारी त्यांनी त्या चिपमधला मजकूर पडद्यावर काढला. आकड्यांचे आणि अक्षरांचे कागदच्या कागद. मी मोठ्याने वाचायचे, सर पेन्सिलीने लिहायचे. दुपारपर्यंत माझा घसा बसला. तिसऱ्या कागदावर त्या कचऱ्यातून एक सलग शब्द निघाला, कुठल्यातरी अनोळखी कंपनीचा. सरांनी जागा मोजली आणि कर्नलच्या यादीत एक ओळ वाढवली. मग सगळा कर्नल नव्याने बांधायला टाकला. त्याला अडीच तास लागत. दोन तास झाले आणि लाइट गेली. गुरुवारी पुन्हा टाकला.

रोज सहा वाजता शिपाई आप्पा किल्ल्या वाजवत दाराशी यायचे आणि सगळं कॉलेज घरी गेल्याचं त्यांच्या अहिराणीत सांगायचे. "सर, बठ्ठा कालेज घर गया. आते तरी कुलूप लावू का?" सर म्हणायचे, "पाच मिनिटं, आप्पा." आप्पा ती पाच मिनिटं डिस्ककडे बघत काढायचे. "हाई भंगार शे सर," ते एकदा म्हणाले. सर म्हणाले, "तिला ऐकू जाईल." ही चेष्टा होती, असं मला वाटतं.

शुक्रवारी सकाळी नवा कर्नल चालू झाला. ह्या वेळी त्याने कार्ड ओळखलं, दार वाजवलं, थोडा थांबला आणि पुढे गेला. डिस्क गप्प. सरांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. माझी शेवटची बस साडेपाचची होती आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण रडताना मला सरांना दिसायचं नव्हतं.

"पारोळ्याला बस बंद पडली तेव्हा तुम्हाला किती वेळ लागला?" सरांनी मागून विचारलं.

"सहा तास, सर."

"हां." त्यांनी कोडातली एक संख्या बदलली. कर्नलने उत्तराची किती वाट पाहायची, ती संख्या. किती वाढवली ते मी पाहिलं नाही. पुन्हा अडीच तास बांधणी. त्या दिवशी लाइट गेली नाही, ह्याबद्दल मी आजही धुळ्याच्या वीजमंडळाची आभारी आहे.

साडेतीनला तिसऱ्यांदा मशीन चालू झालं. कर्नलने दार वाजवलं आणि पडदा थांबला. सर बोटांवर मोजत होते. मला वाटलं, मशीन लटकलं. मग त्या दोन विटांच्या पोटातून आधी एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि नंतर एकसारखी घरघर सुरू झाली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आबांना डबा द्यायला गेले की मिलच्या दारातूनच ऐकू यायचा. डाळीची मोठी चाळणी फिरताना अगदी तसाच आवाज येतो.

पडद्यावर एक नवी ओळ आली. कर्नलच्या यादीत प्रत्येक कार्डापुढे पडद्यावर दाखवायचं एक नाव लिहावं लागतं. सरांनी तिथे इंग्रजी अक्षरांत 'हजर' असं लिहिलं होतं.

फाईल उघडल्यावर सर खुर्चीतून उठले. "तू वाच. मी बघत नाही." चाळीसपैकी माझे एकोणतीस गुण होते. प्रिंट निघाली, प्राचार्यांनी सही केली, भाऊसाहेबांनी शिक्का मारला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. सरांचे आभार मानायला वळले तर ते कार्ड काढून पुसत होते.

"सर, तुम्ही नसता तर..."

"मी नसतो तर दुसऱ्या कोणी तुझ्यापुढे 'गैरहजर' लिहिलं असतं, फेरपरीक्षा झाली असती आणि जूनमध्येच निकाल लागला असता," ते म्हणाले. "बस चुकेल. जा."

त्यांना हे सगळं माहीत होतं तर. आठवडाभर त्यांनी एका शब्दानेही ते काढलं नव्हतं.

फाटकापाशी आप्पा आडवे आले. त्यांनी खाकी खिशातून घडी केलेली एक चिठ्ठी काढली. सरांनी सोमवारीच ती त्यांच्याकडे दिली होती. शुक्रवारी पाचपर्यंत डिस्क बोलली नाही तर ती प्राचार्यांना द्यायची, आणि बोलली तर फाडून टाकायची.

"सरनी फाडानं सांगं," आप्पा म्हणाले, "पन मना हात नही चालना. तुनं नाव शे ना येमा, मंग तुनाजोडेच ठेव."

त्यांच्या हातून न फाटलेली ती चिठ्ठी मी बसमध्ये उघडली, पारोळ्याच्या अलीकडे. आत पेन्सिलीने चार नावं आणि चार आकडे होते. खाली लिहिलं होतं, 'ही आठवण आहे, नोंद नाही. चूक असल्यास जबाबदारी माझी.' आणि सही. मी पाकिटातल्या प्रिंटशी आकडे ताडून पाहिले. तिघांचे आकडे अगदी तेच होते. माझ्यापुढे छत्तीस लिहिले होते.

शनिवारी विद्यापीठात प्रिंट दिली, निकाल लागला आणि प्रवेश टिकला. त्या संध्याकाळी आबा भुवया न पुसताच पेढे आणायला गेले. पहिला वर्ग मात्र चार गुणांनी गेला. छत्तीस असते तर मिळाला असता.

आज मी शिकवते, ती त्या एकोणतीस गुणांवर. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत कोणीतरी ते चार गुण काढायचंच, आणि दर वेळी मला ती चिठ्ठी आठवायची. तिघांचे गुण अचूक आठवणाऱ्या माणसाची चूक फक्त माझ्या बाबतीत कशी झाली? की ती चूक नव्हती? डिस्क बोलली नसती तर अंदाजाला एवढा नकार देणारे सर माझ्यासाठी सात गुणांचं खोटं स्वतःच्या सहीवर घेणार होते का? आणि तसं असेल तर त्या डिस्कला बोलतं करायला ते पाच दिवस का झटले? मी ह्याचा पुष्कळ विचार केला. दर वेळी वेगळं उत्तर येतं.

काही वर्षांनी हे विचारायला मी देवपुरात गेले. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. सर दोंडाईच्याला बहिणीकडे राहायला गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि पत्ता दिला. मी पत्र लिहिलं. आबांबद्दल लिहिलं, नोकरीबद्दल लिहिलं आणि शेवटी छत्तीसचं विचारलं. वर्षभराने दुसरं लिहिलं. तिसरं गेल्या दिवाळीला.

घरचे म्हणतात, आता ते नसतील. माझ्या वहीत तिन्ही पत्रांच्या नोंदी आहेत आणि तिन्हींपुढे पेन्सिलीने लिहिलं आहे, 'उत्तर आलं नाही'.